रस्त्यावरच्या गाडीचं सस्पेन्शन: आधी काय बदलायचं? स्प्रिंग, ऑइल की अख्खा शॉक?

वळणवेडा

गाडी ६५० सीसीची ट्विन, नेकेड, सेकंडहँड घेतलेली. पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क, त्यांना ॲडजस्टमेंट काहीच नाही. मागे लिंकेजवाला मोनोशॉक, त्याला खाचांची प्रीलोड रिंग (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) आणि खाली रिबाउंडचा (दबलेला शॉक परत लांब होण्याचा वेग आवरणारा) स्क्रू. माझं वजन हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं धरून शंभर किलो. वापर फक्त डांबरी रस्त्यावर: रोजचं जाणं-येणं आणि सुट्टीच्या दिवशी लांबची वळणावळणाची रपेट.

तक्रारी अशा. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. लांब वेगवान वळणात मागून हलके हेलकावे येतात. आणि सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे एवढी मऊ गाडी, तरी रस्त्यावरच्या छोट्या धारदार कडेवरून गेलो की मनगटाला दणका बसतो. मऊ आणि कडक दोन्ही एकाच वेळी कशी काय?

फोर्कमधलं ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललं होतं का, याची नोंद नाही. मनात आहे की पुढे कार्ट्रिज किट आणि मागे नवा शॉक असा एकदाच काय तो खर्च करून टाकावा. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पैसे योग्य जागी जातायत का?

ऑइलकॅन

एवढा खर्च कशाला? फोर्कमध्ये १०डब्ल्यू असेल तर १५ किंवा २०डब्ल्यू भर. नाक खाली जाणं थांबेल. मी तसंच केलंय आणि फरक पहिल्याच ब्रेकला जाणवला.

पाना-पक्कड

वळणवेडा, अजून काहीही विकत घेऊ नकोस. टेप घे आणि सॅग मोज. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चार आकड्यांत आहे, आणि ते हातात येईपर्यंत तुला कुणीही दिलेला सल्ला, माझाही, अंदाजच असेल.

सॅग म्हणजे गाडी स्वतःच्या आणि तुझ्या वजनाने किती बसते ते. दोन वेगवेगळे सॅग मोजायचे: एक नुसत्या गाडीचा, दुसरा तू पूर्ण पोशाखात नेहमीसारखा बसलेला असताना. पुढचं चाक हवेत उचलून फोर्क पूर्ण लांब होऊ दे आणि वायपर सीलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंत चकाकणारी नळी किती दिसते ते मोज. (उलट्या फोर्कवर वायपरपासून खाली ॲक्सलच्या कास्टिंगपर्यंत.) मग चाक जमिनीवर. आता इथे बहुतेक जण एकदाच मोजतात आणि फसतात. फोर्क हाताने खाली दाबून हळूच वर येऊ द्यायचा, मोजायचं. मग हँडल वर उचलून हळूच खाली येऊ द्यायचा, पुन्हा मोजायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे खरा सॅग. आणि दोन्हींतला फरक म्हणजे घर्षण, ज्याला आपण स्टिक्शन म्हणतो. तो फरकही तितकाच महत्त्वाचा, लिहून ठेव.

मागे ॲक्सलपासून सरळ वर सीटच्या चौकटीवर एक खूण कर आणि तसंच मोज. एकट्याने होत नाही, दोन माणसं लागतात: एक गाडी धरायला, एक मोजायला.

रस्त्यावरच्या गाडीसाठी, जिथे सस्पेन्शनची चाल (चाक वर-खाली किती सरकतं ते) १२०-१३० मिमी असते, तिथे स्वारासकट सॅग पुढे ३५ ते ४० आणि मागे ३० ते ४० मिमी आला की बरं. नुसत्या गाडीचा पुढे २० च्या आसपास, मागे ५ ते १० मिमी. ॲडव्हेंचर गाडीची चाल मोठी, तिथे आकडेही मोठे. साधारण चालीचा तिसरा हिस्सा धरायचा.

आणि मोजण्याच्या आधी टायरमधली हवा, चाकांचे बेअरिंग, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खेळ आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघून घे. कोनसेटमध्ये मधोमध खाच पडलेली असेल तर जगातला कुठलाही शॉक ते वळण सरळ करणार नाही.

ऑइलकॅन, तुमच्या सल्ल्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

रानजाई

खूप उपयोगी धागा. माझी अडचण बरोबर उलटी आहे. वजन पोशाखासकट चोपन्न किलो, गाडी जवळजवळ तशीच. प्रत्येक खड्ड्यात सीटवरून उडते. पाय नीट टेकत नाहीत म्हणून मागे लोअरिंग लिंक टाकावी असं सुचवलं गेलंय. टाकू का?

पाना-पक्कड

ताई, लिंक आत्ता नको. तुमच्याकडे येतोच, आधी ऑइलचं.

जाड ऑइलने ब्रेकवर नाक खाली जाणं *थांबत* नाही, ते *हळू* होतं. डॅम्पिंगचा, म्हणजे ऑइलच्या अडथळ्याचा, जोर फक्त हालचाल चालू असताना असतो. फोर्क हलायचा थांबला की डॅम्पिंग शून्य. मग ब्रेक धरून ठेवल्यावर फोर्क शेवटी कुठे जाऊन थांबणार हे कोण ठरवतं? स्प्रिंग, आणि वरच्या पोकळीत अडकलेली हवा. जाड ऑइल भरलं तर फोर्क त्याच जागी जरा उशिरा पोचतो, म्हणून पहिल्या क्षणी बरं वाटतं.

पण त्याची किंमत मोजावी लागते. साध्या डॅम्पर रॉड फोर्कमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून जातं, त्या भोकांवर झडप नसते. पाणी भरलेली पिचकारी हळू दाबली तर काहीच अडथळा नाही, जोरात दाबली की हाताला दगड लागल्यासारखी. भोकातून जाणाऱ्या ऑइलचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. ब्रेक मारताना फोर्क सावकाश दबतो, तिथे डॅम्पिंग अपुरं पडतं. धारदार कडेवर फोर्क झटकन दबायला बघतो, तिथे तोच फोर्क अडून बसतो आणि दणका थेट मनगटात. वळणवेडा, मऊ आणि कडक एकाच वेळी कसं, याचं हे एक कारण. २०डब्ल्यू भरलंस की ही दुसरी बाजू आणखी बिघडेल.

दुसरं म्हणजे डब्यावरच्या १०डब्ल्यू, १५डब्ल्यू या आकड्यांवर फोर्क ऑइलच्या बाबतीत विसंबू नका. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १५ इतकं जाड असू शकतं. खरी तुलना ४० अंश सेल्सिअसला सेंटीस्टोकमध्ये दिलेल्या आकड्याची करायची. तो कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. म्हणून एकदा एक ऑइल जमलं की ब्रँड बदलताना तो आकडा जुळवायचा, डब्यावरचा नाही.

डॅम्पर रॉड फोर्कमध्ये ऑइलची जाडी मुख्यतः रिबाउंड जमवायला वापरावी. कंप्रेशनसाठी, म्हणजे फोर्क दबतानाच्या डॅम्पिंगसाठी, वेगळे उपाय आहेत.

ऑइलकॅन

पटलं. माझ्या गाडीवर कडेचे दणके खरंच वाढलेत, मी ते टायरवर ढकलत होतो. पुढच्या वेळी पातळ ऑइल भरून बघेन.

मध्यरेषा

पानादादांच्या मुद्द्याला जोडून. हायड्रॉलिक डॅम्पिंगचा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने आर१२ वर १९३५ साली आणला. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: ब्रेकचा भार आणि रस्त्याचा धक्का एकाच नळीने एकाच वेळी पेलायचा. कार्ट्रिज फोर्क याच अडचणीवर उतारा आहे. त्यात ऑइल पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्यांच्या थरातून जातं. ऑइलचा दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी होते. म्हणून सावकाश हालचालीला भरपूर विरोध आणि झटक्याला वाट मोकळी, हे एकत्र जमतं.

इथे अजून एक गैरसमज दूर करावासा वाटतो. 'हाय स्पीड' आणि 'लो स्पीड' कंप्रेशन म्हणजे गाडीचा वेग नाही. शॉकचा दांडा किती वेगाने आत-बाहेर होतोय तो वेग. ताशी १२० किमीने गुळगुळीत वळण घेताना सस्पेन्शन लो स्पीडमध्येच असतं. ताशी ३० किमीने खड्ड्यात गेलात की हाय स्पीड. हे डोक्यात बसलं की कुठला स्क्रू फिरवायचा ते आपोआप कळतं.

पाना-पक्कड

अगदी बरोबर.

आता रानजाई ताई. लोअरिंग लिंकने मागची बाजू खाली येते, पण त्याबरोबर लिव्हरेज रेशो बदलतो, म्हणजे चाकाच्या आणि शॉकच्या चालीचं गुणोत्तर. मागची बाजू फक्त खाली आली तर पुढचा कोन पसरट होतो, ट्रेल वाढतो, गाडी वळायला जड होते. ते सांभाळायला फोर्क क्लॅम्पमधून तितकेच वर सरकवावे लागतात. साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभीच्या उभी राहते आणि वाऱ्याने पलटी होते. एवढं सगळं करूनही तुमची मूळ तक्रार, सीटवरून उडण्याची, तशीच राहण्याची शक्यता मोठी, कारण स्प्रिंग तुमच्यापेक्षा जड माणसासाठी बसवलेली आहे.

तुम्हीही सॅग मोजा. प्रीलोड सगळ्यात कमी करूनही स्वारासकट मागे २० मिमीच येत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. मऊ स्प्रिंग घातली की गाडी तुमच्या वजनाने हवी तेवढी बसेल, सीट काही मिलिमीटर आपोआप खाली येईल आणि खड्डा शॉक गिळेल. त्यानंतरही पाय टेकत नसतील तर सीटचा फोम कमी करणं हा निरुपद्रवी मार्ग आहे.

सगळ्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहितो: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. प्रीलोडने गाडी चालीच्या कुठल्या उंचीवर उभी राहते एवढंच बदलतं. स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो तो, तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या ठरवतात. रिंग फिरवून त्यातलं काहीच बदलत नाही.

सावकाश_सवार

आम्ही दोघं आणि तीन खोके घेऊन फिरतो. बायको मागे बसली की हेडलाइट झाडांवर जातो आणि वळणात गाडी मागून बसल्यासारखी वाटते. रिंग कडक केली की एकट्याने जाताना उडते. दरवेळी सी-पाना काढून रिंग फिरवायची का?

पाना-पक्कड

हो काका, फिरवायचीच, आणि ती त्याचसाठी दिलेली आहे. शॉकला हायड्रॉलिक प्रीलोड नॉब बसवता येत असेल तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या मिनिटात काम होतं. प्रवास दोघांचाच असेल तर माझ्या मते शॉकवर खर्च करण्यासारखी ती पहिली गोष्ट. मापाचा अंदाज देतो: चाकाची चाल १३० मिमी आणि शॉकची ५२ मिमी असेल तर गुणोत्तर २.५. म्हणजे शॉकवर प्रीलोड ४ मिमी वाढवला की मागची बाजू १० मिमी वर येते. रिंगेच्या एका-दोन खाचांनी एवढा फरक का पडतो ते यावरून लक्षात येईल.

दोघं असताना स्प्रिंग जास्त दबलेली असते, ती जास्त जोराने उसळते. म्हणून प्रीलोडबरोबर रिबाउंड एक-दोन क्लिक घट्ट करा. एकटे निघालात की दोन्ही मूळ जागी. सीटच्या खालच्या बाजूला कागद चिकटवून आकडे लिहून ठेवा.

वळणवेडा

मोजलं. दादा, आकडे असे:

पुढे पूर्ण लांब असताना नळी १२० मिमी दिसते. मी बसल्यावर: दाबून सोडलं तर ६१, उचलून सोडलं तर ८३. म्हणजे सॅग ५९ आणि ३७, सरासरी ४८, फरक तब्बल २२. नुसत्या गाडीचा सरासरी २८.

मागे नुसत्या गाडीचा ३ मिमी, मी बसल्यावर ४०. प्रीलोडची रिंग शेवटच्या खाचेवर आहे, आधीच्या मालकानेच ठेवलेली.

मागचा ४० म्हणजे तुम्ही दिलेल्या मर्यादेतच आहे ना? मग मागची स्प्रिंग ठीक म्हणायची का?

पाना-पक्कड

शाब्बास, नीट मोजलंस. एकेक घेऊ.

मागे ठीक नाही. नुसत्या ४० कडे बघितलं तर चालेलसं वाटतं. पण रिंग शेवटच्या खाचेवर आहे आणि नुसती गाडी फक्त ३ मिमी बसते. म्हणजे मऊ स्प्रिंगला आधीच इतकं दाबून ठेवलंय की गाडी एकटी असताना ती वर टोकाला टेकलेली असते, आणि तू बसलास की ३७ मिमी खाली जाते. स्वारासकट सॅग बरा, पण गाडीचा सॅग जवळजवळ शून्य: स्प्रिंग तुझ्यासाठी मऊ. याच्या उलट, स्वारासकट सॅग बरा आणि गाडीचा भरपूर असेल तर स्प्रिंग कडक. वाचताना हे उलटं वाटतं, पण दोनदा वाचलं की बसतं. वळणात हेलकावे येण्याचं कारणही बहुधा हेच, जोडीला थकलेलं रिबाउंड.

पुढे स्प्रिंग बदलायची घाई नको. स्वारासकट आणि नुसत्या गाडीच्या सॅगमध्ये फरक २० मिमीचाच आहे, म्हणजे स्प्रिंग तुझं वजन पेलते आहे. फक्त प्रीलोड कमी पडतोय. फोर्कच्या आत स्प्रिंगवर जी नळी असते, स्पेसर, ती १० मिमीने लांब कर. सॅग ३८ आणि १८ वर येईल. जाड पीव्हीसी पाइप कापून स्पेसर करता येतो. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत आणि वायसर विसरायचा नाही. फक्त एक तपासून घे: पूर्ण चाल अधिक प्रीलोड एवढं दबूनही स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत.

आता तो २२ चा फरक. हाच मला सगळ्यात जास्त खुपतोय. चांगल्या अवस्थेतल्या साध्या फोर्कमध्ये तो दहाच्या आत असावा. २२ म्हणजे फोर्क नळीत अडकत अडकत चालतोय. कडेचे दणके बसण्याचं दुसरं कारण इथे सापडलं. फोर्क खोलण्याआधी हे कर: ॲक्सलचं मुख्य नट आवळलेलं ठेव, पण फोर्कच्या ज्या पायावर पिंच बोल्ट (ॲक्सल आवळून धरणारा) आहे तो बोल्ट सैल कर. गाडी स्टँडवरून उतरव, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सात वेळा जोरात दाब. तो पाय ॲक्सलवर आपली जागा आपण शोधतो. मग पिंच बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळ आणि पुन्हा मोज. टायर बदलताना हे सर्रास राहून जातं आणि दोन्ही पाय एकमेकांना ओढत राहतात.

वळणवेडा

केलं. विश्वास बसत नाहीये. आता सॅग दाबून ५३, उचलून ४४. सरासरी जवळपास तीच, पण फरक २२ वरून ९ वर आला. एकही सुटा भाग न घेता! नुसता गल्लीतून चक्कर मारून आलो तरी हाताला कळतंय.

दूरचा_दिवा

वाचनखूण साठवली. घरी जाऊन पहिलं काम तेच.

प्रश्न: फोर्क सर्व्हिस घरी करता येते का? सीलमधून ऑइल झिरपतंय.

पाना-पक्कड

येते. झिरपणं थोडंसं असेल तर आधी वायपर वर सरकव आणि फिल्मच्या पातळ पट्टीसारखं काही सीलच्या ओठाखालून गोल फिरव. बऱ्याचदा तिथे मातीचा कण अडकलेला असतो आणि तो निघाला की सील पुन्हा बसतं. ऑइल कॅलिपरपर्यंत पोचलं असेल तर मात्र गाडी चालवू नकोस. पॅडला ऑइल लागलं की ते बदलायचेच. नळीवर नख फिरवून बघ: नख अडेल असा गंजाचा खड्डा सीलच्या वाटेवर असेल तर नवं सीलही कापलं जाणार.

सगळं खोलायचं झालं तर ज्या जागा लोकांना नडतात तेवढ्याच लिहितो, बाकी मॅन्युअलमध्ये आहे.

फोर्क गाडीवर असतानाच वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल कर आणि टोपण थोडं ढिलं कर. फोर्क बाहेर काढल्यावर ते सुटता सुटत नाही. पूर्ण उघडताना खाली स्प्रिंगचा दाब आहे हे लक्षात ठेव, टोपण उसळतं. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नकोस, तारेने बांध. तळाचा ॲलन बोल्ट सोडताना आतला डॅम्पर रॉड गरागरा फिरतो, म्हणून स्प्रिंग आत असताना, फोर्क दाबून धरून बोल्ट सोडव. परत बसवताना तांब्याचा वायसर नवाच.

सर्क्लिप काढल्यावर दोन्ही नळ्या हातोडीसारख्या झटक्याने ओढ, सील आणि बुश एकदमच बाहेर येतात. बुशवरचा करडा टेफ्लॉन घासून तांबूस धातू दिसायला लागला असेल तर बुश बदल. सील सरकवताना नळीच्या तोंडावर ऑइल लावलेली प्लास्टिकची पिशवी चढव, नाहीतर धारेने ओठ कापला जातो. आधी बुश ठोकून बसव, मग वायसर, मग सील, सर्क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत.

ऑइल किती मिलिलिटर यापेक्षा पातळी किती, हे महत्त्वाचं. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, हवा निघून जाईपर्यंत पंप केलेला, थोडा वेळ उभा ठेवलेला. मग वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोज. मॅन्युअलमध्ये ते गाडीनुसार दिलेलं असतं. सिरिंजला नळी लावून त्यावर खूण केली की जास्तीचं ऑइल तेवढ्यापर्यंत ओढून घेता येतं. दोन्ही पाय तंतोतंत सारखे.

हे अंतर म्हणजे हवेची स्प्रिंग. अंतर कमी केलं की चालीच्या शेवटी फोर्क जास्त कडक होतो, सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. फोर्क तळाला आपटत असेल तर पाच-पाच मिमीने कमी करायचं. अति ऑइल भरलं तर हवेला जागाच उरत नाही आणि सील बाहेर फेकलं जातं.

किती दिवसांनी? मॅन्युअलमध्ये मुदत असेल तर ती. नसेल तर रस्त्यावरच्या गाडीला मी दोन वर्षं किंवा २०,००० किमी धरतो. नव्या गाडीचं पहिलं ऑइल त्याच्याही आधी काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. बुश रुळताना निघालेला धातूचा भुगा त्यात असतो, ते ऑइल चांदीसारखं चमकतं.

मागचा शॉक मात्र घरी उघडायचा नाही. आत साधारण १० बार दाबाने नायट्रोजन असतो. नुसती स्प्रिंग बदलायची असेल तरी योग्य स्प्रिंग कंप्रेसर हवा. घरी करण्यासारखं काम म्हणजे लिंकेजचे नीडल बेअरिंग साफ करून ग्रीस भरणं. मागच्या चाकाचा सगळा चिखल तिथेच उडतो. कोरडं लिंकेज आणि बिघडलेला शॉक, दोन्हींची लक्षणं सारखीच.

दूरचा_दिवा

आणि ज्या शॉकला कुठेच उघडायची सोय नसते, तो संपला की फेकायचाच का?

पाना-पक्कड

बरेचसे मूळ शॉक तोंड दाबून बंद केलेले असतात. काही सस्पेन्शन वर्कशॉप ते उघडून गॅसचा वाल्व बसवतात. पण मला विचारशील तर तिथे पोचल्यावर नवा, सर्व्हिस करता येणारा शॉक घ्यावा. घेताना वजन, मागे कोण बसतं, सामान किती, हे सांगून स्प्रिंग त्याप्रमाणे मागवायची. महागडा शॉक चुकीच्या स्प्रिंगसह बसवला तर तो चुकीचाच शॉक.

मध्यरेषा

डॅम्पर रॉड फोर्कवाल्यांसाठी मधला मार्ग: एम्युलेटर. रॉडच्या डोक्यावर बसणारी स्प्रिंगवाली झडप, मुख्य स्प्रिंगच तिला दाबून धरते. रॉडची कंप्रेशनची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात, म्हणजे तिथला अडथळा संपतो आणि कंप्रेशनचं नियंत्रण झडपेकडे जातं. रिबाउंड अजूनही ऑइलच्या जाडीवरच. माझ्या गाडीवर आहेत. कडेवरचे दणके खूपच कमी झाले. मात्र एकदा भोकं पाडली की रॉड परत मूळचा होत नाही, हे मनाशी धरून करा.

वळणवेडा

मोठा अपडेट. पुढे नवीन सील, बुश, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचंच ऑइल, स्पेसर १० मिमी लांब. सॅग ३८. मागे माझ्या वजनाप्रमाणे मागवलेली स्प्रिंग, जुनीपेक्षा सुमारे पाव पटीने कडक. रिंग मधल्या खाचेवर, नुसत्या गाडीचा सॅग ९, माझ्यासकट ३८. काढलेलं जुनं फोर्क ऑइल काळं आणि वास मारणारं होतं.

फोर्कच्या नळीला झिपटाय बांधून पाहिली. जोरात ब्रेक मारून पंधरा-एक मिमी शिल्लक राहतात, आधी काहीच राहत नव्हते. वळणात हेलकावे जवळजवळ गेले. एकच उरलंय: एकापाठोपाठ एक लाटा असलेल्या रस्त्यावर मागून गाडी दर लाटेला उसळते.

पाना-पक्कड

पंधरा मिमी छान आहे, तिथे आता हात लावू नकोस.

स्प्रिंग कडक झाली, तिला आवरायला रिबाउंड वाढवायला हवा. स्क्रू आधी घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद कर आणि किती क्लिक झाले ते मोजून लिही, ती तुझी आजची जागा. मग तेवढेच क्लिक परत उघड, त्या जागेपासून दोन क्लिक घट्ट कर आणि *तोच* रस्ता, *त्याच* वेगाने. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. उलटं लक्षणही ओळखून ठेव: रिबाउंड फार घट्ट झाला तर दोन लाटांच्या मधे शॉकला परत लांब व्हायला वेळ मिळत नाही. तो दर लाटेला आणखी खाली बसत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला गाडी कडक लागते. लोक अशा वेळी कंप्रेशन सैल करत बसतात, आणि दोष रिबाउंडचा असतो.

स्क्रू शेवटपर्यंत बंद करूनही उसळी राहिली तरच शॉकच्या आतलं काम. पाव पट कडक स्प्रिंगला मूळ डॅम्पिंग पुरेल की नाही हे गाडीगणिक बदलतं.

वळणवेडा

तीन क्लिकवर जमलं, उसळी गेली. कार्ट्रिज किटचा विचार तूर्त बाजूला. दादा, मध्यरेषा, सगळ्यांचे मनापासून आभार.

रानजाई

माझेही आकडे आले: प्रीलोड सगळ्यात कमी ठेवून मागे स्वारासकट १९. मऊ स्प्रिंग मागवली आहे, लिंकचा विषय संपला. एक शंका: स्प्रिंग बदलल्यावर चेन पुन्हा बघावी लागते का? हेडलाइट बघायचा हे काकांच्या पोस्टवरून कळलं.

पाना-पक्कड

हो ताई, चेन नक्की बघा. स्विंगआर्म वर-खाली होताना चेनचं ताण बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचं ॲक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यात घट्ट असते. शंका असेल तर मागे कुणाला तरी बसवून किंवा पट्ट्याने शॉक दाबून गाडी त्या स्थितीत आणा आणि तिथेही चेनला थोडा झोल राहतोय ना ते बघा. आता गाडी आधीपेक्षा खाली बसणार, त्यामुळे तुम्ही सीटवर असताना चेन पूर्वीपेक्षा घट्ट लागेल. स्टँडवरचं माप मात्र मॅन्युअलमधलंच ठेवा. हेडलाइट तुम्ही बसलेल्या असताना भिंतीवर लावून घ्या, आणि साइड स्टँडवर गाडी पुरेशी कलते ना तेही बघा.